मावशीचं पिवळं झबलं

आज नातीसाठी गोधडी काढायला ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मुलुंडची मावशी आठवली. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सहा वर्षांची. आईला दिवस गेले होते. बाळाच्या गोधडीसाठी नातेवाइकांकडची मऊ, जुनी लुगडी निवडत ती मला घेऊन घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हिंडत होती.

मावशीनं ट्रंकेतून आपल्या गेलेल्या बाळाचं पिवळं झबलं काढलं. "हे मधोमध लाव गं, ताई."

आईनं हात मागे घेतला. गेलेल्या मुलाचं कापड नव्या बाळाला लावत नसत. "राहू दे गं. कापड भरपूर झालंय."

"आई, पिशवी तर अर्धी रिकामी आहे!" मी म्हणाले.

आईला मदत केली, असंच मला वाटलं होतं. मावशीनं झबल्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.