स्टेजवर नसलेली बास

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण गेल्या महिन्यात माझ्या नातीने घरात बास गिटार आणली आणि सगळं पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहिलं. नात पुण्यात शिकते. आपली जुनी बास आणि वर एक पेडल देऊन तिने कुणाकडून तरी ही बदलून घेतली. "आजी, तुला यातलं काही कळायचं नाही," असं म्हणाली. मी म्हटलं, "चार जाड तारा, खांद्याला पट्टा आणि पायाखाली डबी. मला जेवढं कळतं तेवढं कळायची वेळ तुझ्यावर न येवो." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोबाईल फक्त टोमॅटोच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे दिसायचा. मी नारायणगाव भागात नवीकोरी फौजदारीण होते. नवीकोरी म्हणजे कशी? ढगाळ हवेतही काळा चष्मा. टोपी इतकी ताठ की जीपमध्ये चढताना दर वेळी छताला आपटायची. बोलताना आवाज मुद्दाम घोगरा काढायचा, म्हणजे आरोपी घाबरतात असा माझा समज. आरोपी घाबरत नव्हते, पण आमचे हवालदार एकदा खडीसाखर घेऊन आले होते. "घसा बसलाय जनू," म्हणाले.

त्या सकाळी एक तरुण बहीण बेपत्ता असल्याची नोंद करायला आला. घर आंबेगाव तालुक्यातलं, खाऊनपिऊन सुखी, बागायतदार. बहीण विशीतली. नारायणगावच्या स्टँडवर ती शेवटची दिसली, म्हणून नोंद आमच्याकडे. मी नियमाप्रमाणे विचारत गेले. उंची, बांधा, रंग, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण. भाऊ नम्रपणे उत्तरं देत होता. वडिलांना वाद्यांचा नाद होता, त्यांनी तिला बास गिटार शिकवली. वडील गेले, पण पोरीचा नाद गेला नाही. जाताना तिने बासही नेली होती. लाल रंगाची, शिंगापाशी टवका उडालेली.

"घरात काही भांडण? कुणाची भीती?" मी विचारलं.

"छे छे मॅडम. आमची पोरगी कुनालाच भीत न्हाई."

हे बोलताना त्याने रुमालाने डोळे पुसले. मीही चष्मा काढून माझे पुसले, इतकी मी चाणाक्ष. हवालदारांनी मात्र कोरड्या रुमालाकडे बघून घेतलं आणि चहाला निघून गेले.

खबर दोन-चार दिवसांत आली. नारायणगाव ते मंचर जीप मारणारा एक ड्रायव्हर आमचा खबऱ्या होता. तो म्हणाला, "मॅडम, बाजारामागच्या मिस्त्रीकडं तसली लाल गिटार टांगलीय. राव, माझ्या डोळ्यांनी बघितली."

हा मिस्त्री सगळ्या फडांना माहीत होता. जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन खेळ ठरवून जातात. त्या काळात फडांमध्ये ढोलकीशेजारी कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटारी आल्या होत्या. त्यांची दुरुस्ती आणि अदलाबदल मिस्त्रीच्या दुकानात चालायची. वाजवणारे येऊन तासन्‌तास घालवायचे. कुणी दांडी डोळ्यापुढे धरून ती वाकली आहे का बघायचा, कुणी बास पोटाशी लावून तिची घरघर हाडात येते का ते अजमावायचा, कुणी डबीचं बटण पायाने दाबून दाबून सगळ्यांचं डोकं उठवायचा.

वस्तू ओळखायला भाऊ बरोबर हवा, म्हणून त्याला जीपमध्ये घेतलं. दुकानात शिरलो. मिस्त्री हसतमुखाने उठला, म्हणाला, "या मॅडम, या..." आणि माझ्या मागून भाऊ आत आला. मिस्त्रीचं हसणं जागच्या जागी मेलं. हातातला, वायरींना डाग द्यायचा तापलेला खिळा त्याने बाकावर ठेवायचा तो स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि चटका बसल्यावरही नजर भावावरून हलली नाही.

मी मनात म्हटलं, सापडला गुन्हेगार! अशी घाबरगुंडी निर्दोष माणसाची होते का?

भावाने बास ओळखली. पंचनामा करून बास ताब्यात घेतली, मिस्त्रीला चौकशीला ठाण्यात आणलं. त्याचं एकच पालुपद. "नगरकडचा मानूस व्हता. उंचापुरा. त्यानं हितंच गळ्यात अडकवून वाजवून दावली आन्‌ दिली. मला जास्ती काय म्हाईत न्हाई."

मी टेबलावर हात आपटला. घोगरा आवाज काढला. ओरडले मी, पण बघत होता तो दाराकडे. दाराबाहेरच्या बाकावर भाऊ बसला होता.

बास टेबलावर पडलेली होती. तिचा पट्टा तसाच लावलेला होता. सहज म्हणून मी ती खांद्याला अडकवली. मी बुटकी, भरतीच्या वेळी टाचा उचलाव्यात की काय असा मोह झालेली. तरीही ती बास माझ्या छातीच्या वर, जवळजवळ हनुवटीखाली बसली. गणवेश, टोपी, काळा चष्मा आणि गळ्यात लाल बास.

हवालदार म्हणाले, "मॅडम, टोपी तेवढी सरळी ठेवा. उलटी धरली तर लोक पैशे टाकतील."

मी चिडणार होते, तोच लक्षात आलं. पट्टा इतका आखूड. फडातले पुरुष बास कमरेखाली लोंबकळत सोडतात, तोच त्यांचा रुबाब. उंचापुरा माणूस हा पट्टा लावेल कसा? त्याच्या तर तो गळ्याला फास बसेल. ही बास माझ्यापेक्षाही लहान चणीच्या कुणीतरी स्वतः दुकानात आणून दिली होती.

भावाला जेवून यायला सांगितलं. मिस्त्रीसमोर चहा ठेवला. घोगरा आवाज बाजूला ठेवून म्हटलं, "दादा, पोरगी स्वतः आली होती ना?"

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "बाई, दार लावा."

मी दार लावलं.

"तो गेला का?"

"गेला."

"बदली केली तिनं. लाल बास दिली, आन्‌ साधी गिटार घेतली. बारीक तारांची. वर एक पेडल घेतलं."

"कसलं पेडल?"

"खालच्या सप्तकाचं. साधी गिटार वाजवायची, डबी दाबायची, आवाज बासचा निघतो."

मी म्हटलं, "मिस्त्री, चांगली बास देऊन साधी गिटार घ्यायची आणि तिच्यातून पुन्हा बासचाच आवाज काढायचा? हा कसला व्यवहार?"

मिस्त्रीने स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताने दोन बोटं झाकली. "ही दोन बोटं मोडल्याली व्हती तिची. सुजून काळी पडल्याली. जाड तार दाबंना. दुकानात बसून दाबून बघितली तिनं, तोंडात पदर कोंबून. मीच म्हनलं, बाई, राहू दे."

"कशाने मोडली?"

"लोखंडी पेटीचं झाकन पाडलं त्यानं. तिला हात धरून ठिवायला लावला आन्‌ पाडलं. कुठल्याशा ऑर्केस्ट्रात वाजीवलं म्हनून. तुमी यायच्या आदी तो येऊन गेला व्हता माझ्याकडं. तवा बास आत दडवल्याली, नंतर दुकानातल्या पोरानं भाईर टांगली. लई गोड बोलला. म्हनला, मिस्त्री, सापडली की कळवा, घरची विहीर लई खोल हाय."

आमच्या सरकारी जीपमध्ये मागच्या सीटवर बसवून मी त्याला गावभर फिरवलं होतं. तो बहीण शोधत नव्हता, मी शोधत होते. तो फक्त माझ्या मागोमाग येत होता.

"ती कुठे आहे?"

मिस्त्री माझ्या खांद्यावरच्या फितीकडे बघत होता. आपण विश्वास ठेवावा असं या बाईत काय आहे, हे शोधत असावा, आणि त्याला सापडत नसावं. शेवटी म्हणाला, "मीच फडात लावून दिली. आज घाटावरल्या आणे गावाला हजेरी हाय."

हजेरी म्हणजे जत्रेतला दिवसाउजेडीचा तमाशा. मी दार उघडलं. बाकावर कुणी नव्हतं. समोरच्या खानावळीतही नव्हतं. हवालदार धावत आले. "मॅडम, तो आळेफाट्याच्या जीपमध्ये बसला. खानावळवाल्याला इचारत व्हता, आज फड कुठं कुठं हायेत म्हनून. आज जवळपास येकच हाय." बास फडांच्या मिस्त्रीकडे मिळाली, तेवढ्यावरून त्याने ताडलं होतं.

ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद केली, वायरलेसवर तिकडच्या ठाण्याला निरोप दिला. आळेफाट्यावर टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला टोपीची आठवण नव्हती. एकच चित्र सारखं दिसत होतं, पेटीच्या कडेवर ठेवायला लावलेला हात.

घाट चढून पठारावर पोचलो. कनातीत माणसांची दाटी, शिट्ट्या, फेटे उडत होते. भर दुपारचं लख्ख ऊन आणि आनंदाने ओरडणारी माणसं. इतक्या उजेडातही एवढी भीती वाटते हे मला ठाऊक नव्हतं.

भाऊ पुढच्या रांगेत होता. हातात कापडी पिशवी. तो नाचणाऱ्या बायांकडे बघतच नव्हता. मागे ओळीने बसलेल्या वादकांकडे एकेक करून बघत होता. बोटाने मोजत होता जणू. ढोलकी, हलगी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार. सगळ्यांना सारखे फेटे, सारखे शर्ट. बास कुठेच नव्हती.

पण आवाज होता. फळ्यांमधून, जमिनीतून, माझ्या बुटांच्या तळव्यांतून तो वर येत होता. त्यालाही तो ऐकू येत होताच. तो कीबोर्डवाल्याकडे बघू लागला, कारण कीबोर्डवरही बास वाजवतात. त्याच्या खांद्यात जरा ढिलेपणा आला. मी श्वास सोडणार होते.

तेवढ्यात मला ती दिसली. कीबोर्डच्या आड, फेटा भुवयांपर्यंत ओढलेला, डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. गिटार छातीच्या वर, हनुवटीखाली धरलेली. सगळं बदललं होतं तिने. कपडे, वाद्य, तारा. पट्ट्याची उंची तेवढी बदलली नव्हती.

आणि मला जे दिसलं ते त्यालाही दिसलं. त्याची मान थांबली. हात पिशवीत गेला.

मी गर्दीत कशी घुसले ते आठवत नाही. त्याच्या आणि स्टेजच्या मध्ये उभी राहिले. चष्मा कुठेतरी पडला होता. आवाज घोगरा काढायचा होता, पण निघाला तो चिरका, घरी मुलांवर ओरडतानाचा.

"पिशवी खाली ठेव!"

"बाजूला व्हा मॅडम. आमच्या घरातला मामला हाय."

"पिशवी ठेव."

"तुमीच तर शोधून दिली," तो हळूच म्हणाला, आणि हसला.

मागून हवालदारांनी त्याचा दंड पिरगळला. पिशवी पडली. आत ऊस तोडायचा कोयता होता, नवी धार लावलेला. शेजारच्या फेटेवाल्याने ते बघितलं आणि त्याची शिट्टी तोंडातच राहिली. स्टेजवर गाणं चालूच होतं. बासचा ठेका एकदाच अडखळला, पुन्हा लागला.

तिचा जबाब मी राहुटीत घेतला. मला बघून तिने पहिला प्रश्न विचारला तो मिस्त्रीचाच होता. "तो गेला का?"

डॉक्टरी तपासणी झाली, गुन्हा दाखल झाला. भाऊ काही महिन्यांत जामिनावर सुटला. पुढे कोर्टात तारखा पडत राहिल्या. बेपत्ता नोंद बंद करताना मी लिहिलं की मुलगी मिळून आली, सज्ञान आहे, स्वेच्छेने राहते. सुटल्यावर भाऊ एकदा ठाण्यात आला, तसाच नम्र. "मॅडम, निदान कुठं ऱ्हाती ते सांगा. आई रडती."

मी म्हटलं, "आईला म्हणावं, एकटीने ये. मी तिला भेटवते."

आई कधी आली नाही. तो मात्र जत्रांच्या दिवसांत अधूनमधून स्टँडवर दिसायचा.

पुढे नोकरीत कितीतरी बेपत्ता नोंदी माझ्या हाताखालून गेल्या. उंची, रंग, कपडे विचारून झालं की मी एक जादा प्रश्न विचारायची. हरवलेलं माणूस कशाकशाला घाबरायचं? त्याच्यावर जीव असलेली माणसं थांबून सांगत बसतात. कुत्र्याला घाबरते, अंधाराला घाबरतो, वीज चमकली की उशीत तोंड घालते. "कुणालाच भीत नाही," असं पटकन उत्तर आलं की मी पेन खाली ठेवायची आणि आधी सांगणाऱ्याची चौकशी लावायची.

नंतर काही वर्षांनी एका जत्रेत बंदोबस्ताला होते. फडाकडे पाठ, गर्दीकडे तोंड. मागे खेळ सुरू झाला आणि बुटांच्या तळव्यांतून तो आवाज वर आला. ठेका आता चांगलाच ठणठणीत झाला होता. बोटं बरी झाली असावीत. वळून बघायची फार इच्छा झाली. पण समोरच्या गर्दीत कोण कोण उभं होतं कुणास ठाऊक, आणि माझ्या नजरेमागोमाग एकदा एक माणूस चालत आला होता.

मी खेळ संपेपर्यंत वळले नाही.