तिसरं पाणी

हॉस्पिटलमागच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवालीला सगळे वहिनी म्हणायचे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी हॉस्पिटलच्या चादरी हातांनी आपटून धुवायला सुरुवात केली होती. आता तीन मशिनं दिवसभर घरघरायची. अशात हॉस्पिटलनं साठ खाटांचा नवा विभाग बांधला. वहिनींनी हौसेनं चौथं मशीन घेतलं आणि वाढीव पाणी मागायला त्या पाणीखात्यात गेल्या.

"एक थेंब वाढणार नाही, ताई," इंजिनिअर म्हणाले. "तलाव तेवढाच आहे. तुम्हाला दिलं तर वरच्या वस्तीचे नळ कोरडे पडतील."

"मग पेशंटना काय उघड्या गादीवर झोपवायचं?"

इंजिनिअरांनी नुसते हात जोडले.

वरच्या वस्तीत वहिनींची सख्खी बहीण राहायची, त्यामुळे भांडायलाही तोंड उरलं नव्हतं. धुमसत त्या मशिनापाशी येऊन बसल्या. चादरी तीन पाण्यांतून निघायच्या. तिसरं पाणी मोरीत पडताना त्यांनी पाहिलं आणि पेला पुढे केला. पाणी जवळपास नितळ होतं!

त्यांचे धाकटे दीर प्लंबर होते. "भावोजी, हे पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला फिरवता येईल?"

"न यायला काय झालं?"

माळ्यावर टाकी चढली, पंप बसला. पहिल्याच दिवशी चादरींच्या तंतूंनी पंप तुंबला आणि लॉन्ड्रीभर तळं झालं. "सोडा नाद, वहिनी," दीर म्हणाले. वहिनींनी नवऱ्याचा मलमलचा सदरा टराटरा फाडला आणि पाइपाच्या तोंडाला गाळणं बांधलं.

"अगं, माझा आवडता सदरा!"

"आता अख्ख्या हॉस्पिटलच्या उपयोगी पडतोय."

पंप जो सुरू झाला तो थांबलाच नाही.

नवा विभाग उघडला. महिन्यानं इंजिनिअर स्वतः मीटर बघायला आले. मशिनं चार, आकडा मात्र पूर्वीपेक्षा कमी. "चोरून कुठून जोडणी घेतलीत?" त्यांनी दरडावलं.

वहिनींनी त्यांना शिडीवरून माळ्यावर चढवलं. टाकीत वाकून ते बराच वेळ पाहत राहिले. खाली उतरले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. "उद्या हॉटेलवाल्यांची बैठक आहे. सगळ्यांना नव्या खोल्या बांधायच्यात अन् जादा पाणी हवंय. येऊन सांगाल त्यांना?"

"मला कुठं भाषण येतं?"

पण दुसऱ्या दिवशी वहिनी बोलायला उभ्या राहिल्या त्या तासभर बसल्याच नाहीत. टाळ्या थांबेनात. दोन हॉटेलवाले तर तिथल्या तिथे दिरांचा फोननंबर मागत मागे लागले. वहिनी मान ताठ ठेवून, सगळ्यांच्या देखत, मधल्या वाटेनं बाहेर पडल्या.