किलोमीटर चौदाची पाहणी

दुपारचे सव्वातीन. ऑफिसच्या सहाव्या मजल्यावर एसी बरोबर माझ्या मानेवर सोडलेला आहे आणि डब्यातला भात डोळ्यांवर चढतोय. स्क्रीनवर दौंडच्या पलीकडच्या नव्या रस्त्याचं मॉडेल फिरतंय. पाच वाजता पर्यावरण अहवाल जायचाय. शेवटच्या पानावर 'प्रत्यक्ष पाहणी केली' याखाली माझी सही हवी आहे. मी झोपत नाही. फक्त पापण्यांना टेकायला जागा देतो.

गोडांबे मॅडम शेजारच्या खुर्चीत बसल्या आहेत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पण ओळखपत्र गळ्यात आहे, म्हणजे गेटवर कुणी अडवलं नसणार. मला या कामातलं जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. गवतात लोखंडी चौकट टाकायची आणि आत उगवलेलं सगळं मोजल्याशिवाय उठायचं नाही. एकदा माझ्या चौकटीत गाईचा पाय आला. त्यांनी तोही लिहायला लावला.

"दाखव, काय केलंयस," त्या म्हणतात.

मी माउस हलवतो आणि आम्ही रस्त्यावर उभे असतो. मॉडेलमध्ये. ऊन आहे, सावल्या उन्हाच्याच बाजूला पडल्यात. दोन्हीकडे तीनशे बारा झाडं. सगळी म्हणजे एकच झाड, प्रत्येकाची तीच फांदी वाकलेली. मधे इंटरनेटवर फुकट मिळालेली एक बकरी, गुडघ्यांपर्यंत जमिनीत. मॅडम तिच्याकडे बराच वेळ बघतात. ती नमुन्यादाखल आहे, असं मी सांगतो. बाकी सगळा माळ करड्या रंगाचा, कारण आमच्या यादीत तो 'पडीक' या रकान्यात येतो. परिणाम नगण्य.

मग मी त्यांना धडक-तपासणी दाखवतो. पाइप तुळईत घुसला, खांब गटारावर आला, की सॉफ्टवेअर लाल ठिपका देतं. किलोमीटर चौदाला टेकाड कापून रस्ता जातो, तिथे एकही ठिपका नाही. हे मी जरा अभिमानानेच सांगतो.

"त्या टेकाडाच्या पोटात लांडग्यांचं बीळ आहे," मॅडम म्हणतात.

"पण ठिपका नाही आला, मॅडम."

"कसा येईल? तू ते काढलेलंच नाहीस. रिकाम्या जागेला कोण धडकणार?"

मी म्हणतो, प्राण्यांची यादी जोडलीय की, चांगली पंचेचाळीस नावं आहेत. मग आठवतं. ती यादी त्यांची आहे. आठ वर्षांपूर्वीची, फलटणकडच्या माळाची. मंगळवारी मी तारीख आणि गाव बदलून ती चिकटवली. पाहणी करणाऱ्याचं नाव बदलायचं राहिलं.

लिफ्टचं दार उघडतं. आत माळ आहे, खराखुरा, वाऱ्याने एका अंगाला कललेला. मॅडम पुढे, मी मागे. त्या रागावलेल्या नाहीत, हे जास्त अवघड जातंय. टेकाडावर लांडगीण उभी आहे. ती आम्हाला बघते आणि ऑफिसातली माणसं कॅन्टीनमध्ये बघून न बघितल्यासारखं करतात तशी मान वळवते. खाली बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं कुणाची तरी चप्पल ओढतायत.

"मी इथे कधी आले नव्हते रे, निषाद," मॅडम म्हणतात. "तू माझं नाव घातलंस, म्हणून यावं लागलं."

मी विचारतो, पाय दुखतात का.

"आता नाही दुखत. पण मी अशी किती ठिकाणी जाऊ?"

खांद्यावर टकटक होते. केंजळे साहेब, आमचे प्रकल्पप्रमुख, प्रिंट घेऊन उभे आहेत. सही तेवढी राहिलीय म्हणतात. मी सांगतो, किलोमीटर चौदा मी पाहिलेलं नाही. ते म्हणतात, मॉडेलमध्ये महिनाभर फिरतोयस की. मी सांगतो, प्राण्यांची यादीही माझी नाही, त्या जागेचीही नाही. परवा जाऊन येतो, मग सही करतो.

"परवा तुला इथे ठेवतील का, ते आधी विचारून येतो," ते म्हणतात. केबिनमध्ये जातात आणि काच ओढून फोन लावतात.

पायाला काहीतरी टोचतंय. वाकून बघतो. दोन्ही मोज्यांत, घोट्याभोवती, माळाची कुसळं रुतलीयत. सकाळपासून मी फरशी सोडून कशावर पाय ठेवलेला नाही. एक धरून उपटतो. शेजारचं आणखी आत जातं.