आय गोड बोलायला लागली तेव्हा

माझ्या आयने कुणाला "या, बसा, पानी घ्या" म्हटलं की आम्ही ओळखायचो, ह्या माणसाचं आता काही खरं नाही. तो तिच्या मनातून उतरलेला असायचा. आमचं घर मिठागरावर राबणारं. तिथे तपासणीला एक साहेब यायचा, तो घरीही टेकायचा. त्याला ती काय मान द्यायची! घोंगडी झटकून अंथरायची, पितळेचा तांब्या घासून पुढे करायची. साहेबाची पाठ वळली की अंगणात जाऊन पचकन थुंकायची. उलट शेजारची शकू, तिची अगदी जिवाची मैत्रीण, तिला मात्र "आली का भवानी? अजून हायस होय जिवंत?" असं म्हणून गरम भाकर पुढ्यात टाकायची. बाबा म्हणजे कुंभकरन, गाय म्हणजे सटवी. आणि मी? मी केरी.

केरी म्हणजे केरातली. शाळेच्या पटावर जया, पण अख्ख्या कोलशेत गावात मला जया म्हणणारं कुणी नव्हतं. जन्मल्याबरोबर मला म्हणे घरामागच्या केराच्या ढिगावर ठेवलेलं. मग शकूने तिथून उचलून आणलं आणि आयने मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. असं का केलं म्हणून विचारलं की आय म्हणायची, "तुझी लायकीच तेवढी, कालतोंडे. कोंडा पन जास्तीच दिला." आणि हे बोलताना माझ्या डोक्याला असं चोपून तेल लावायची की डोळ्यांत पाणी यायचं.

ही आमची कमळाबाई. दिसायला उंच, काटक, पायाला मिठाने कायमच्या भेगा पडलेल्या. बोलायला लागली की पलीकडच्या बांधावरची माणसं काम थांबवून ऐकायची.

मी सातवीला होते. सातवीची परीक्षा, पण सगळे तिला 'फायनल'च म्हणायचे. ती पास झालं की त्या काळी पुढे मास्तरीण होता यायचं, आणि मला मास्तरीणच व्हायचं होतं. दुसरं काही नाही. माझ्याबरोबरीच्या मुलींची लग्नं झालेली, एकीच्या तर कडेवर पोरही आलेलं. मी मात्र रोज माजिवड्यावरून ठाण्याला पायी जायचे-यायचे. आयने कधी अडवलं नाही. "जा जा, तेवढाच घरातला केर कमी," म्हणायची आणि भाकरीबरोबर सुकटीची, म्हणजे सुक्या जवळ्याची, चटणी बांधून द्यायची.

आम्हाला मराठी शिकवायच्या सरोजबाई. ठाण्याला तळ्याजवळ राहायच्या. स्वच्छ नऊवारी, हळू आवाज, 'न' आणि 'ण' वेगळे ऐकू येणारं बोलणं. वर्गातल्या ढ मुलीलाही "अहो जाहो" करायच्या. त्यांनी त्या वर्षी अलंकार काढले. उपमा आली, रूपक आलं, अतिशयोक्ती आली. मुख कमळासारखं, चाल हंसासारखी. आता हंस कोलशेतात कुणी पाहिलाय? आमच्याकडे बगळे. पण मी घोकंपट्टीत कुणाला हार जाणारी नव्हते. एके दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'व्याजस्तुती'. बाहेरून निंदा पण आतून स्तुती, किंवा बाहेरून स्तुती पण आतून निंदा. मी व्याख्या पाठ केली, खडाखडा म्हणून दाखवली, शाबासकी घेतली आणि घरी आले. दारातच आय ओरडली, "आली का केरी? मला वाटला, खाडीत बुडाली." मी जेवायला बसले. काय सांगू, माझ्या टाळक्यात जराही उजेड पडला नाही!

फायनलला कुणाकुणाला बसवायचं ते ठरवायची वेळ आली, तेव्हा सरोजबाई स्वतः घरी आल्या. ऐन वेळी मुलींना शाळेतून काढून उजवतात, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. चिखलातून चालून त्यांच्या लुगड्याचा काठ खराब झालेला. आय अंगणात सुकट निवडत होती. बाई म्हणाल्या, "तुमची जया फार हुशार आहे. तिला परीक्षेला बसवायचं आहे. आपली परवानगी हवी."

आयचा चेहरा असा उतरला की विचारू नका. तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू कुणी ऐकलं तर नाही ना, आणि मग जी सुरू झाली! "हुशार? ही? बाई, फसलाव तुम्ही. हिच्या डोक्यात नुसता गारा-चिखल भरलाय. आलशी तर एवढी की माशी बसली तरी हाकलायची नाय. उजेडात आनली तर अंधार पडंल, एवढी काली. हात लावंल त्याचा वाटोला. हिला कसला बसवता परीक्षेला?"

मी आपली तांदूळ निवडत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पण सरोजबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या खाली, आयच्या समोर बसल्या आणि अगदी कळवळून म्हणाल्या, "अहो, पोटच्या मुलीला असं बोलू नये. तिचं मन खचेल. असंच ऐकत राहिली तर ती नापास होईल. पास होईपर्यंत तरी तिच्याशी गोड बोला. मला शब्द द्या."

आयचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग विचारलं, "गोड बोलला तर पास व्हईल?"

"होईल."

"नक्की?"

"नक्की."

"मग दिला शब्द," आय म्हणाली. आणि बाईंना निरोप देताना दोन्ही हात जोडून म्हणाली, "या हां बाई. संभालून जा." बाईंना वाटलं, काम झालं. मला मात्र ते हात जोडणं बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी बसून कुणीतरी म्हणालं, "जयाबाय, उठतेस ना गो, माझी गुनाची." मी ताडकन उठले. मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय. पण समोर आयच. भाकर वाढताना म्हणाली, "किती छान अक्षर काढतेस गो." बोलताना तिचा आवाज असा येत होता जसा घशात काटा अडकल्यावर येतो. पहिला दिवस मला गंमत वाटली. दोन-तीन दिवसांनी मात्र मी विचार करायला लागले. आय गोड कुणाशी बोलते? साहेबाशी! जो मनातून उतरला त्याच्याशी! मी शिकून बाहेर जाणार म्हणून हिने मला आत्तापासूनच परकी केली, असं माझ्या मनाने घेतलं.

मी एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हटलंसुद्धा, "आये, मला एक शिवी दे ना."

"नाय गो बाय. बाईला शब्द दिलाय. तू पास हो," ती म्हणाली आणि उठून घरात निघून गेली.

माझा अभ्यास झाला बंद. पुस्तक उघडलं की अक्षरं डोळ्यांपुढून जायची, आत काही शिरायचं नाही. आणि घरात आणखी एक नवल. मिठाचं मडकं सारखं रिकामं! बाबा मिठागरातून टोपली भरून आणायचे आणि चार दिवसांत आमटी अळणी. शकू म्हणाली, "मिठागरवाल्याच्या घरात मीठ नाय? लोक तोंडात शेन घालतील." आयने मडक्यावर झाकण ठेवलं. शाळेच्या चाचणीत मराठीत मी सपशेल आपटले. सरोजबाईंनी मला बाजूला घेतलं. "जया, काय झालं? घरी आता चांगलं बोलतात ना?"

"हो बाई," म्हटलं आणि मला असं रडू फुटलं की बाईंना माझा एक शब्द कळला नाही.

त्या दिवशी मी घरी न जाता सरळ मिठागराच्या बांधावर बाबांकडे गेले. बाबा म्हणजे मुलखाचे अबोल. त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, "आयला मी नकोशी झालेय का?"

बाबांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. "कुनी सांगला?"

"ती गोड बोलते माझ्याशी."

बाबांनी हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "तुझ्या आधी एक व्हती. शालू. तीन वर्षांची झालेली. गोरीपान. तुझी आय तिच्याशी एवढी गोड बोलायची, काय सांगू. सोन्या, राजा, मोत्या. येनारा-जानारा बोलायचा, काय देखनी पोर! जत्रेत एक बाय तिची हनुवटी धरून तसाच बोलली, आन घरी आलो ते पोर तापातच. उठली नाय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "शालूला तुझ्या आयने कधी एक शिवी दिली नाय. तू झालीस तवा बोलली, आता हिला कुनी चांगली बोलायचा नाय. मी तर नायच नाय. केर म्हनूनच वाढवीन, म्हंजे कुनाची नजर जायची नाय. आता बाईने गोड बोलायला लावलाय. दिवसभर गोड बोलते, तू शाला गेलीस का तुझ्या जुन्या पोलक्यावरून मीठ-मिरच्या उतरवते आन चुलीत टाकते. एका एका शब्दाला मूठ मूठ मीठ. मीठ पुरंल कसा?"

मी तिथेच बांधावर गुडघ्यांत डोकं घालून रडले. बाहेरून निंदा, आतून स्तुती. मी ते पाठ करून शाबासकी मिळवली होती! जन्मापासून मला दुसरं काही मिळालंच नव्हतं आणि मला ते फळ्यावर शिकायला लागलं.

सकाळी शाळेत मी बाईंना सगळं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावायला विसरल्या. "मी त्यांना काय करायला लावलं हे!" एवढंच म्हणाल्या. शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर चालत कोलशेतला आल्या.

आय दारातच होती. "या, बसा बाई. पानी घ्या." झालं! मी कपाळावर हात मारला.

"कमळाबाई," सरोजबाई म्हणाल्या, "माझं चुकलं. तुमचा शब्द मी तुम्हाला परत देते. तुम्ही जयाशी आधी बोलत होतात तसंच बोला."

आय हलेना. "तुम्हीच बोललाव, गोड बोलला तर पास व्हईल. आता शिवी दिली न नापास झाली तर?"

 बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि एखाद्या विहिरीत उडी मारावी तसं तोंड करून म्हणाल्या, "खरं सांगू? तुमची मुलगी... थोडी आळशी आहे."

"थोडी?" आयने भुवई वर केली.

"बरीच. आणि अक्षर... अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय."

"हां. आन डोका?"

"डोकं..." बाईंचे कान लाल झाले. "डोकं म्हणजे धोंडा आहे हो नुसता!"

आय टक लावून बघत होती. आणि मग जी हसली! हसता हसता खाली बसली, लुगड्याच्या पदराने डोळे पुसायला लागली, आणि मला कळलं की ती आता हसत नाहीये. मग वर बघून म्हणाली, "एवढी शिकलीस आन धड शिवी देता येत नाय गो तुला, भवाने? बस हितं. सुकटीची भाकर खाशील का बामनाची जात आड येते?"

जात आड आली. बाईंनी नुसती भाकर गुळाबरोबर खाल्ली आणि त्यावरून आणखी चार शिव्या खाल्ल्या. आजवर शकूशिवाय कुणाला भवानी म्हटलं नव्हतं आयने.

मग माझ्याकडे वळली. "आन तू काय बघत उभी ऱ्हायलीस, कालतोंडे? पुस्तक काय तुझा बाप वाचनार?"

मी पुस्तक उघडलं. अक्षरं जागेवर होती.

परीक्षेच्या दिवशी शकू वेशीपर्यंत आली. बिचारीच्या तोंडून निघून गेलं, "हुशार हो पोर तुझी, कमले." आय तिच्या अंगावरच धावली. "हुशार? केर हाय केर! नापास व्हईल आन येईल परत माझ्या उरावर बसायला. जा गो मेले, तोंड काला कर!" एवढ्या मोठ्याने, की बांधावरच्या सगळ्यांनी ऐकलं. मी माजिवड्यापर्यंत डोळे पुसत आणि हसत चालले.

मराठीच्या पेपरात प्रश्न आला, व्याजस्तुती म्हणजे काय, उदाहरण द्या. पुस्तकातलं उदाहरण मला येत होतं. मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, 'उजेडात आणली तर अंधार पडेल, अशी ही माझी मुलगी.' आणि खाली लिहिलं, येथे आई मुलीची निंदा करते, परंतु तिच्या मनात स्तुती आहे.

पास झाले. निकाल सांगायला बाई आल्या तेव्हा ह्या उदाहरणाचीही गोष्ट निघाली. आयला आधी पटेचना. मग तिने डोक्याला हात लावला.

"माझ्या शिव्या सरकारपरयंत नेल्यास? केरे! लाज नाय वाटली?" म्हणत आत गेली आणि मुठी भरून मीठ घेऊन आली. माझ्यावरून उतरवलं, मग बाईंवरून उतरवलं. उतरवताना आम्हा दोघींना जे काय बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे मी बरीच वर्षं मास्तरीण होते. सत्कार झाले, हार पडले, भाषणं झाली. इतकी स्तुती मात्र नंतर माझी कुणी केली नाही.