टॉवेलाखालचे हात

म्हशाच्या जत्रेला बैल घ्यायला निघालेला माणूस आमच्या गावात आधी धाऊकाकांच्या अंगणात येतो. काकांना बैलातलं फार कळतं असं नाही. दात बघून वय सांगणारे गावात इतरही आहेत. काकांना विकणाऱ्यातलं कळतं. त्या माणसाबरोबर ते जत्रेत जातात, बैलाकडे पाठ करून उभे राहतात आणि मालकाला विचारतात, "इकतोस कशाला?"

"पोरीचं लगीन हाय, काका."

"मंग म्हस का नाय इकलीस?"

मालक अडखळला की काका पुढच्या दावणीकडे चालू लागतात. नाही अडखळला, तर दुसरा प्रश्न. "ह्याला काय काय करावं लागतं?" म्हणजे चारा, पाणी, खोड्या, सगळं. आणि मग खांद्यावरचा टॉवेल खाली येतो. जत्रेत भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून सांगतात. बाकीचे दलाल बोटं मोजतात. काका तळवा चाचपतात. तळवा ओला लागला की माणूस खोटा. मग बैल सोन्याच्या शिंगांचा असो.

हा संशय जत्रेपुरता राहिला असता तर काकांचं नाव झालं असतं. पण ते तो घरीही घेऊन येतात. शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या तेव्हा मुलीची, पूजाची, गोळी त्यांनी आधी कोंबडीला खाऊ घातली. कोंबडी संध्याकाळपर्यंत फिरली, तेव्हा दुसरी गोळी मागून आणून पोरीला दिली. रंभाकाकू म्हणतात, "लगनात माझा पण हात धरून बघितला व्हता. कोरडा निघाला म्हणून नांदतेय."

पूजा ही त्यांची एकुलती एक. बारावीनंतर तिचं कल्याणला नर्सिंगचं ठरलं होतं. काका तिला घेऊन वसतिगृह बघायला गेले, तर वॉर्डनबाई घरात बसूनही काळा चष्मा लावून होत्या. "जी बाई डोळं दावत नाय ती पोरी काय सांभाळंल?" असं म्हणून काका पोरीला घेऊन त्याच दिवशी परत आले. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. तोवर प्रवेशाची मुदत संपली होती.

मुरबाडला टायरच्या दुकानाच्या माडीवर भावेश सर इंग्रजी बोलायचा क्लास घेतात, तिथं पूजा जाऊ लागली. मीही तिथलाच विद्यार्थी. वाशिंदच्या एका कंपनीला गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला मुली हव्या होत्या. सरांनी क्लासातल्या तीन मुली निवडल्या, त्यांत पूजा. सोमवारी सर आपल्या गाडीने त्यांना मुलाखतीला नेणार होते.

"नेणार कशाला?" काकांनी विचारलं. "आन तीनच कशाला?"

पूजा मला म्हणाली, "ह्या टायमाला पण आडवलं ना, तर मी परत कुठं इचारायला जायाची नाय." आवाज न चढवता म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी काका क्लासात हजर. शेवटच्या बाकावर, टॉवेलासकट. सरांचा नियम असा की उंबऱ्याच्या आत मराठी बंद, मग आत आलेला पालक असो की चहावाला. त्या आठवड्यात धडा चालला होता 'हॅव टू'चा. एखादी गोष्ट करावी लागते, हे कसं सांगायचं. आणि ती कशासाठी करायची, ते मागे नुसतं 'टू' लावून कसं सांगायचं. सर फळ्यावर लिहीत आणि आम्ही ओरडत: "आय हॅव टू गेट अप अर्ली टू कॅच द बस!"

मी काकांच्या कानात शब्दाशब्दाचा अर्थ सांगत होतो, 'हॅव' म्हणजे जवळ असणं, 'गो' म्हणजे जाणं.

"आपल्याला जावं लागतं," काका पुटपुटले, "आन ह्यांच्याकडं जाणं असतं व्हय? दावणीला बांधल्यासारकं?"

"नो मराठी प्लीज, अंकल," सर हसून म्हणाले.

काका माझ्याकडे झुकले. "आपली भाषा सोडून बोलतो. काय तरी झाकतोय."

पण धडा त्यांना पटला होता. करावं काय लागणार आणि कशाला, जत्रेतले त्यांचेच दोन प्रश्न फळ्यावर कुणीतरी इंग्रजीत मांडले होते. घरी जाताना मोबाइलच्या टॉवरपाशी एक माणूस वायरी गुंडाळत होता. काका थांबले. "टू डू व्हॉट?" त्या बिचाऱ्याने हातातली वायर खाली ठेवली आणि ओळखपत्र काढून दाखवलं. काका इतके खूश झाले की पुढच्या वाटेवर मला दोनदा तेच म्हणून दाखवलं.

शनिवारी क्लास भरल्याबरोबर ते उभे राहिले. रात्रभर घोटलेलं वाक्य असणार.

"सर, यू हॅव टू टेल. यू टेक गर्ल, टू डू व्हॉट?"

पूजाने मान खाली घातली. सरांचा चेहरा मात्र उजळला. "व्हेरी गुड, अंकल! क्लॅप फॉर अंकल!"

टाळ्या पडल्या. काकांचा संशय दुप्पट झाला. "मी इचारलं काय," ते मला म्हणाले, "आन ह्यो शाबासकी देतोय. जबाब कुठाय?"

सर म्हणाले, "टू गिव्ह देम अ चान्स." मी अर्थ सांगितला. काकांनी तो ऐकला, आणि बाकांमधून चालत फळ्यापाशी गेले. खांद्यावरचा टॉवेल काढला. सर कल्याणचे. त्यांना वाटलं, गावाकडची सत्काराची पद्धत असेल. त्यांनी वाकून हात पुढे केला. काकांनी टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला आणि खालून तळवा धरला.

धरूनच ठेवला.

"वला हाय," काका म्हणाले. "पूजे, घरी चल."

"अहो काका, घाम येतो मला!" सरांनी स्वतःचा नियम स्वतःच मोडला. "तुम्ही असा हात धरलात, वर माझ्याकडे बघताय असे, कुणालाही येईल."

"खऱ्याला येत नाय."

पूजा उठली. मला वाटलं, पिशवी घेऊन जिना उतरणार. ती फळ्यापाशी आली. टॉवेलाखाली हात घातला, सरांचा हात सोडवून बाजूला केला आणि बापाचा धरला.

"बाबा, तुमचा पण वला हाय."

काकांनी हात ओढून घेतला. तिने सोडला नाही.

"कल्याणला त्या बायच्या दारातून मला परत वढून आणलंत ना, तवा पण असाच व्हता. मला वाटलं, त्या बायला भ्यालात." ती थांबली. "तुमी क्याला भेताय, बाबा? मी गेल्याला?"

सगळा क्लास बघत होता. आमच्यापैकी कुणीच कधी काकांना उत्तर द्यायच्या जागी उभं बघितलं नव्हतं. विकणाऱ्याला अडखळताना ते ओळखत, तेव्हा पुढच्या दावणीकडे निघून जायची सोय असे. इथं पुढची दावण नव्हती.

"घरात तू नाय म्हंजे..." काका म्हणाले, आणि वाक्य तिथंच राहिलं. मग त्यांनी टॉवेल झटकला. सरांकडे न बघता म्हणाले, "सोमवारी गाडीत फुडं मी बसणार."

बसले. शहापूरच्या रस्त्यात प्रत्येक वळणावर सरांना विचारत होते, हा रस्ता कुठं जातो. सर मराठीत उत्तरं देत होते. मागे मुली एकमेकींना प्रश्न विचारून सराव करत होत्या. मी डिकीशेजारच्या फळीवर, काकांनीच 'साक्षीला' म्हणून घेतलेला.

कंपनीच्या फाटकावर एक वयस्कर वॉचमन होता. मुलींचे कागद बघून त्याने त्यांना आत सोडलं. काका मागोमाग निघाले, तर काठी आडवी.

"मी बाप हाय."

"आधार?"

काकांनी आधार कार्ड दिलं. वॉचमनने फोटो बघितला, मग काकांना बघितलं, मग परत फोटो. "ह्यात मिशी नाही."

"तवा नव्हती."

"बाहेर बसा."

काकांनी तंबाखूची डबी पुढे केली. वॉचमन म्हणाला, ड्युटीवर कुणाच्या हातचं घेत नाही. काकांनी गाव विचारलं. त्याने गावही सांगितलं नाही. वर काकांची पिशवी उघडून भाकरीचं फडकं वर उचलून बघितलं.

मला वाटलं, आता भांडण. काका शांतपणे येऊन रस्त्यापलीकडच्या शिरीषाखाली बसले. वॉचमन तिथूनही त्यांच्यावर नजर ठेवून होता. काकांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली.

"नोकरी लागली पायजे रे पोरीला," ते म्हणाले. "जागा बरी हाय. माणूस ठेवलाय बग कसा, बापाला पण आत सोडत नाय."