सोयेराचे दहा दिवस

नोकरी संपून बरीच वर्षे झाली, पण ओव्याच्या धुरीचा वास आला की ठाणे गावातले ते घर डोळ्यांपुढे उभे राहते. मी तेव्हा तेथे फौजदार होतो.

एके सकाळी हजेरी घेत असता हवालदाराने निनावी अर्ज पुढे ठेवला. गावातील साप्ताहिकाच्या संपादकाने घरात एक विधवा लपविली होती, ती बाळंत झाली आणि मूल मारून परसात पुरले, असा मजकूर. निनावी अर्जांवर माझा भरवसा नसे. निम्मे भाऊबंदकीतून येतात. पण हा मी दोनदा वाचला. अशा तान्ह्या जिवांचे पंचनामे मी केले होते. कोणी विहिरीतून काढलेले, कोणी उकिरड्यातून. आई काळ्या पाण्यावर जाई आणि बाप गावात उजळ माथ्याने फिरे.

संपादक तर कर्मठ मनुष्य. बायको वारलेली, मूलबाळ नाही. विधवांच्या लग्नाचा शब्द काढणाऱ्यांना तो दर अंकात असा झोडपी, की सुधारक मंडळींच्या अंगाचा तिळपापड होई.

त्याला कचेरीत बोलावले. माझी रीत अशी, की मनुष्याला आधी तासभर नुसते बसवायचे. मनात पाप असले तर तो घाम पुसतो, पाणी मागतो. या गृहस्थाने पुढच्या अंकाचा ताव काढला आणि चुका तपासत बसला. शेवटी मीच कंटाळलो.

"घरात कोण असतं?"

"मी, आणि धुण्याभांड्याला बाळकुम गावची एक म्हातारी."

"परस खणून पाहू?"

"खुशाल पाहा. तुळस तेवढी सांभाळा."

परस खणले. काही निघाले नाही. घराच्या झडतीचा हुकूम नव्हता, तेव्हा हात हलवीत परतलो. वाटेत देवळापाशी गुरव भेटला. संपादक रोज तेथे येतो हे ठाऊक होते, म्हणून सहज चौकशी केली.

गुरव म्हणाला, "काय झालंय कोण जाणे, साहेब! रोज अभिषेक करणारा माणूस. आठ दिवस झाले, पायरीखालूनच हात जोडतो. आत या म्हटलं तर नुसती मान हलवतो."

मी जागीच थबकलो. घराण्यात मूल जन्मले की दहा दिवस सोयेर. देवाला शिवायचे नाही. पण याला ना भाऊ, ना भाऊबंद. मग सोयेर कोणाचे? स्वतःच्याच पोराचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा जगाला धर्म शिकवणार!

हुकूम घेऊन तडक त्याचे घर गाठले. दारातच ओव्याच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीतला वास आला.

"मूल तुमचं. कबूल करा! काय केलंत त्याचं?"

तो उत्तर देणार, तोच बाळकुमची म्हातारी कापडात गुंडाळलेले पोर घेऊन बाहेर आली. पोराने टाहो फोडला होता.

"हे बग, जितं हाय," ती माझ्यावरच डाफरली. "आनि यो छापखान्यावाला बी असाच मना मिठागराच्या बांधावं घावलेला. माज्या पोरीच्या वाटचं दूध पाजलंय मी याला!"

संपादक खाली बसला आणि सगळे सांगू लागला. कल्याणच्या एका निपुत्रिक भटजींनी त्याला तिच्याकडून नेले, मुंज केली, नात्यातले पोरके पोर म्हणून वाढविले. आत बाळंत झालेली विधवा मुलगी त्यांच्याच शेजारची. सासरच्यांनी जीव घेतला असता म्हणून पळून आलेली. पोराचा बाप हा नव्हे.

"मग सोयेर कशाला पाळलंत? त्यानंच तर सापडलात!"

"पोर मी आपलं मानलं, साहेब. मानलं की सोयेर आलंच. लोकांशी खोटं बोललो, पण विटाळ असताना गाभाऱ्यात कसा पाय टाकू?"

"आणि अंकात लिहिता ते?"

"भीती, दुसरं काय? सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाऱ्याचा जन्म कोण विचारतो?" मग त्याने हात जोडले. "मला वाटेल ते करा. तिचं नाव कागदावर आणू नका. सासरचे आई-पोर दोघांनाही जिवंत ठेवायचे नाहीत."

मला त्याचा राग आला होता आणि लाजही वाटली होती, ती माझी मला. मनुष्य चारचौघांत काय गर्जतो यावरून मी त्याला तोलले होते. तो एकटा पायरीखाली का उभा राहतो, हे पाहायला हवे होते.

कचेरीत येऊन टाक हाती घेतला. अर्ज खोटा, गुन्हा नाही, एवढे लिहिले. बाईच्या नावाची जागा कोरी सोडली. त्याबद्दल वरून ठपका आला, तो मी आनंदाने घेतला. खाली मात्र आणखी दोन शब्द लिहिले. मूल जिवंत. असल्या प्रकरणाच्या कागदावर ते मी पहिल्यांदाच लिहीत होतो, आणि पुढे कधी लिहायला मिळाले नाहीत.