नाहीकाकूंचा पहिला होकार

प्रयोगशाळेत त्यांना सगळे नाहीकाकू म्हणत, तेही तोंडावर. बावीस वर्षं काम एकच. कुणाला नवं प्रथिन सापडलं की त्याच्या घटकांची अक्षरांत लिहिलेली लांबलचक माळ संगणकाला द्यायची आणि डेटाबेसमधल्या लाखो प्रथिनांत त्याचा कुणी नातेवाईक आहे का, ते बघायचं. संगणक बिचारा उदार, शंभर नातेवाईक काढून देई. काकू चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "नाही." मग वहीत तसं लिहीत.

शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. बुधवारी सकाळी संशोधन करणारी पोरगी नाचतच आली. तिने तीन वर्षं तळ्यातल्या एका जिवाणूपायी घालवली होती. त्याचं प्रथिन प्लॅस्टिक कुरतडणाऱ्यांच्या घराण्यातलं निघालं तर प्रबंध उभा, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा.

"काकू, ई-व्हॅल्यू बघा. पॉइंटनंतर पाच शून्यं आणि मग एक. निव्वळ योगायोगाने असा मेळ दहा लाख शोधांत एखादाच."

"बघू," म्हणत काकूंनी नेहमीचा खोडसाळपणा केला. जुळलेल्या तुकड्यातली अक्षरं पत्त्यांसारखी पिसून परत शोधायला लावली. पिसलेल्या अक्षरांना कुठले आलेत नातेवाईक? पण डेटाबेसमधल्या त्याच नातेवाईकाने पुन्हा हात वर केला.

"पोरी, जुळलंय ते एकच अक्षर, चाळीस वेळा. गर्दीत दोघं सारखे खोकले म्हणून भाऊ ठरतात का? असले रटाळ तुकडे गाळायची सोय असते, ती तू बंद ठेवलीस."

"घाई झाली," पोरगी म्हणाली आणि खाली मान घालून कँटीनला गेली.

काकूंना मात्र चैन पडेना. त्यांनी ते तुकडे गाळून पुन्हा शोधलं. जुना मेळ गुल. तळाशी एकच ओळ उरली, ई-व्हॅल्यू दोन. असे दोन तर नशिबानेच सापडायचे. एरवी काकूंनी 'नाही' लिहून संगणकावरची खिडकी बंद केली असती. आज त्यांनी ती ओळ बोटाने वाचली. प्लॅस्टिक तोडायला त्या घराण्याला जी तीन अक्षरं लागतात, ती तिन्ही आपापल्या जागी बसलेली होती.

मग त्यांनी एकेका प्रथिनाऐवजी त्या अख्ख्या घराण्याची ठेवण घेऊन ताडून पाहिलं. पॉइंटनंतर एकोणीस शून्यं. पिसून पाहिलं, एकदा नाही, शंभरदा. कुणी हात वर केला नाही. काकूंना इतका आनंद झाला की गुडघ्यांची कुरकुर विसरून त्या जिने उतरल्या.

पोरीपुढचा चहा गार झाला होता. काकू समोर बसल्या. "तुझं प्रथिन त्याच घराण्यातलं आहे. नातं लांबचं, पण खरं."

पोरगी सकाळचा धडा शिकली होती. "पिसून पाहिलंत?"

"शंभरदा."

पोरीने त्यांना मिठीच मारली, चहा सांडला, आणि दोघी हसत सुटल्या. डोळे पुसता पुसता काकू म्हणाल्या, "ऊठ. ई-व्हॅल्यू दोन आली म्हणजे नातं नाही असं नव्हे, सांगता येत नाही, एवढंच. मी सरसकट नाही म्हणत आले. माझी वही वर आहे. शुक्रवारपर्यंत जितकी पानं होतील तितकी पुन्हा बघू."

पोरीने वहीचं पहिलं पान उघडलं तेव्हा काकूंनी शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती.